चौसष्ट जणांना पाठवलेला चहा

तो गुरुवार होता असं मी सगळ्यांना सांगतो, पण खात्री नाही. शेजारचे उकंडराव त्या दिवशी शेगावला दर्शनाला गेले होते, म्हणजे गुरुवार असावा. पण ते एकादशीलाही जातात. संख्याशास्त्रात डॉक्टरेट करून, तीस वर्षं तोच विषय शिकवून मला साधा वार सांगता येत नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात ठेवलेलं बरं. उकंडरावांची मांजर मात्र पांढरी होती. तेवढं नक्की.

माझी मुलगी समता पुण्यात एका कंपनीत आहे. त्या कंपनीने एक एआय सहायक तयार केला होता. छोट्या दुकानदाराने त्याच्याशी बोलायचं आणि त्याने मोबाइलवर टाकायला चित्राची जाहिरात करून द्यायची. त्याने कसं वागावं याच्या चौदा सूचना समताने लिहिल्या आणि मला पाठवल्या.

"बाबा, तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत. हाही तपासा. एखादं खोटं दुकान काढा आणि स्वतः वापरून बघा."

मी हो म्हणालो. (नाही म्हणायला दुसरं काही काम हाताशी असावं लागतं.) तिची आई, सुवर्णा, जाऊन दोन वर्षं झाली होती. चिखलीतल्या आमच्या घरी सकाळी पेपरवाला आणि संध्याकाळी नळ, एवढेच काय ते येत.

लाल पेन घेऊन बसलो. सूचना एक : आधी विचारा, मग चित्र काढा. दहापैकी आठ. सूचना सात : जे प्रत्यक्षात नाही ते चित्रात दाखवू नका. दहापैकी दहा. सूचना नऊ : माणूस गप्प राहिला तर अंदाज करू नका, पुन्हा विचारा. इथे पेन थोडा वेळ थांबला. आपल्याला पुन्हा कोणी कधी विचारलं होतं, ते आठवेना. (आठवणीबद्दल वर सांगितलंच आहे.) त्याही सूचनेला दहा दिले.

मग परीक्षा सुरू झाली.

"तुम्ही काय विकता?" सहायकाने विचारलं.

"चहा." समोर कप होता, म्हणून तेच सुचलं.

"किंमत?"

"किंमत नाही."

"तुमचे ग्राहक कोण?"

"कोणीही."

"जाहिरात पाहून त्यांनी काय करावं?"

मी गप्प राहिलो. त्याने सूचना नऊप्रमाणे पुन्हा विचारलं.

"बसावं," मी लिहिलं.

"किती वेळ?"

"कप संपेपर्यंत. पुढे त्यांची इच्छा."

त्याने वेळ आणि पत्ता विचारला, मी रोज दुपारी चार आणि घरचा पत्ता लिहिला. मग घरापुढच्या ओट्याचा फोटो मागितला, तोही दिला. चित्र आलं. ओटा आमचाच, पण त्यावर वेताच्या आठ खुर्च्या, पितळी किटली, टांगलेला कंदील, एक पांढरी मांजर आणि मागे बर्फाचे डोंगर. खाली 'रोज दुपारी चार वाजता' आणि आमचा पत्ता. चिखलीत बर्फ. सूचना सातचे तीन गुण तिथेच कापले.

झालेलं संभाषण आणि गुणपत्रक समताला मेल केलं. चित्र मेलवर चढेना, म्हणून व्हॉट्सॲपवर तिला पाठवायला गेलो आणि बोट एक ओळ खाली पडलं. चित्र कॉलनीच्या ग्रुपवर गेलं.

चौसष्ट माणसं. तो ग्रुप हल्ली शांत असे. पूर्वी लोक सकाळी सुविचार टाकत आणि मी त्यातल्या चुका दुरुस्त करून परत टाकत असे. माझ्यामुळे लोक विचार करून लिहू लागले, असा माझा समज होता. आता याच लोकांना मी बर्फाचे डोंगर दाखवले होते. घाईने डिलीट दाबलं. दोन पर्याय आले. चष्मा कपाळावर होता. मी जो दाबला त्याने चित्र फक्त माझ्या मोबाइलमधून गेलं. बाकीच्यांकडे ते राहिलं आणि मला परत बघायचीही सोय उरली नाही.

तेवढ्यात समताचा फोन आला.

"बाबा, मेल वाचला. चार वाजता घरीच आहात ना?"

"मी कुठे जाणार?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घड्याळात अकरा वाजले होते. लोक येतील आणि मला खोटारडा म्हणतील, ही एक भीती. कोणीच येणार नाही, ही दुसरी. दुसरी मोठी होती. चित्र मागे घेता येत नव्हतं, म्हणून घरच चित्रासारखं करायला घेतलं.

वेताच्या खुर्च्या दोनच होत्या. कॉम्प्युटरची एक, स्टूल, ट्रंक, पालथी बादली आणि आंघोळीचा पाट मिळून सात झाल्या. आठवी सुवर्णाची, शिलाई मशीनसमोरची. ती दोन वर्षं कोणी हलवली नव्हती. मी तिच्याकडे दोनदा गेलो, दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी निघाली.

कंदील नव्हता, टॉर्च टांगली. डोंगरांसाठी मागच्या दोरीवर पांढरी चादर वाळत घातली. (चष्मा काढून लांबून पाहिलं तर निभत होतं.) राहिली मांजर. उकंडरावांची त्यांच्या पायरीवर झोपली होती. अर्धा लिटर दुधातलं निम्मं पाजल्यावर ती ओट्यापर्यंत आली. मनगटावर चार ओरखडे घेऊन मी तिला नाडीने खुर्चीला बांधलं.

चारला दहा कमी असताना समोरच्या तानाबाई फाटक उघडून आल्या.

"सर, चहा होऊन राह्यला ना? साखर आनली मी. तुमच्या घरी असंन नसंन."

मागोमाग आणखी पाच जण आले. मी प्रत्येकाला म्हणत होतो, "डोंगरांचं मनावर घेऊ नका." ते चादरीकडे बघत आणि "नाई घेत" म्हणत. चित्राबद्दल कोणी शब्द काढला नाही. काय ही माणुसकी, असं मला वाटलं.

साडेचारला उकंडराव प्रसादाचा पुडा घेऊन फाटकात उभे राहिले.

"सर, माही मांजर खुर्चीले काऊन बांधली जी?"

"ती जाहिरातीत होती."

"कोनत्या जाहिरातीत?"

"तुम्हाला माहीत आहे, उकंडराव. लाजवू नका."

त्यांनी तानाबाईंकडे पाहिलं. तानाबाईंनी डोळ्यांनी काहीतरी सांगितलं.

"मले त काई समजून नाई राह्यलं," ते बादलीवर बसत म्हणाले. "कप द्या."

चहा पातळ होता. निम्मं दूध मांजरीच्या पोटात होतं. तरी सहा वाजेपर्यंत कोणी उठलं नाही. सुवर्णाच्या खुर्चीवर तानाबाई बसल्या होत्या, आणि मला ते चाललं.

समताला मी सविस्तर अहवाल पाठवला. जाहिरात पाहिलेले चौसष्ट (स्वतःला धरावं की नाही यात अर्धा तास गेला, शेवटी धरलं), आलेले सात, प्रतिसाद दहा पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश टक्के. सूचना उत्तम, कायम ठेवाव्यात. तिने उत्तरात फक्त "थँक यू बाबा" लिहिलं. लोक दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्याही, आणि अजून येतात.

या उन्हाळ्यात, म्हणजे अडीच वर्षांनी, नळाची तक्रार मी त्याच ग्रुपवर टाकली. चार दिवस उत्तर नाही. चहाच्या वेळी तानाबाईंना मोबाइल दाखवला.

"सर, या ग्रुपात तुमी एकलेच हा."

"म्हणजे?"

"तुमी सुविचाराले लाल फुल्या मारत होते ना? मंग सगळे नव्या ग्रुपात गेले. चार वर्षं झाली. तुमाले टाकाचं राह्यलं."

"मग त्या दिवशी तुम्ही सात जण आलात कसे?"

"समताचा फोन आल्ता. म्हने, काकू, बाबाकडं चार वाजता चहाले जा, लोकाइले घेऊन जा. पन मी सांगतलं म्हून सांगू नका."

"आणि दुसऱ्या दिवशी? तेव्हाही तिनेच सांगितलं?"

"दुसऱ्या दिवशी कोनी नाई सांगतलं," तानाबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "तुमी खुर्च्या उचलल्याच नव्हत्या."

त्याच संध्याकाळी मी ग्रुपची यादी तीनदा मोजली आणि समताला अहवालाची दुरुस्ती कळवली. जाहिरात पाहिलेले : एक. पैकी चहाला हजर : एक. प्रतिसाद शंभर टक्के.