तात्पुरती फाटकवाली

ज्याच्या घरचे अन्न खावे त्याची थट्टा करू नये, हा नियम कोणत्याही देशात मुद्दाम शिकवावा लागत नाही. तथापि नियमाला पळवाट काढण्याचे बुद्धिसामर्थ्य परमेश्वराने मनुष्यालाच दिले आहे, आणि त्या पळवाटांपैकी सर्वांत प्रशस्त वाट म्हणजे ‘हे तात्पुरते आहे’ हे वाक्य होय. डनेडिनचा ड्युगल पेटिग्रू हा वस्तुतः सज्जन मनुष्य. परंतु या वाटेवरून तो वर्षभर निर्धास्त चालला आणि डिसेंबरातील एका रविवारी, लख्ख उन्हात, भर सभेत पालथा पडला.

त्याचे असे झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या देशातील ऐन उन्हाळ्यात, ड्युगलने विमा कंपनीतील नोकरी सोडली. चेपलेल्या मोटारी आणि फुटलेली छपरे तपासण्यात उरलेले तारुण्य घालवण्यापेक्षा लहानपणीच्या ध्यासाला शरण जावे, असे त्याच्या मनाने घेतले, आणि रोविना नावाच्या बाईंच्या चिमुकल्या कंपनीत तो व्हिडिओ गेम रचणारा म्हणून रुजू झाला. पगार निम्म्यावर आला. तेव्हा त्याची पत्नी कर्स्टी हिने आपल्या आईला फोन केला, आणि पोर्ट चामर्सच्या चढावरील माहेरची मागली खोली दोघांसाठी उघडली गेली.

सासूबाईंचे नाव नायरी. त्यांनी भाडे घेतले नाही, उपकार बोलून दाखवला नाही, रोज सकाळी जावयापुढे गरम चीज रोल ठेवण्यात खंड पाडला नाही. त्यांच्या ठायी एकच गोष्ट होती: त्या रागावत. आणि ड्युगल कामाच्या नादात फोन उचलीत नसल्यामुळे त्या फोनवर निरोप ठेवून रागावत. “ड्युगल, फाटक कोणी उघडं टाकलं?” “ड्युगल, आभाळ आलंय आणि कपडे दोरीवरच!” कधी घाई असली की केवळ एकच शब्द येई, “बूट!” आणि दिवाणखान्याच्या गालिच्यावर आपण काय करून आलो आहोत, हे त्याला तेवढ्यावरून समजे.

इकडे कंपनीत जो खेळ घडत होता, त्यात खेळणारा धनगराचा कुत्रा होऊन मेंढरांचा कळप डोंगरापलीकडे नेतो. वाटेत प्रत्येक फाटकावर एक उग्र बाई उभी असते. तिचे नाव फाटकवाली. फाटक उघडे राहिले की ती कडाडते. आता या व्यवसायाची एक रीत आहे. जी वस्तू अद्याप तयार नाही, तिच्या जागी हाताशी येईल ते तात्पुरते बसवून काम पुढे रेटायचे. फाटकवालीचा चेहरा तयार नव्हता, आवाजही नव्हता. ड्युगलने स्वतःच्या लग्नातले एक छायाचित्र घेतले, केक कलंडू लागला त्या क्षणी नायरीबाईंचे टिपलेले. त्याला फोनवरचे सगळे निरोप जोडले. फाटकवाली सजीव झाली. कचेरीत सर्वजण पोट धरून हसले.

“पुढच्या आठवड्यात बदलतो,” ड्युगल म्हणाला.

हे तो फेब्रुवारीत म्हणाला.

रोविनाच्या कंपनीत अशी प्रथा होती की वर्षअखेरीस प्रत्येकाने उभे राहून सरल्या वर्षाकडे वळून पाहावे आणि आपण काय केले ते चारचौघांत खेळून दाखवावे. त्या रविवारी सकाळी ड्युगल आपले भाषण मनात घोळवीत चीज रोल खात होता, तेव्हा नायरीबाई हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या ‘बोल्स’ या खेळाची पांढरी टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

“आज किती माणसं येणार तुमच्या कार्यक्रमाला?”

“आमचीच पाचसहा. फार कंटाळवाणं असतं हो ते, नायरी.”

“पाचसहा कसली? आमच्या क्लबातल्या बायकाच तीसएक येतायत.”

ड्युगलचा घास तोंडातच राहिला.

“त्या रोविनाला हॉल हवा होता, म्हणून तिनं बोल्स क्लबाला फोन केला. सेक्रेटरी कोण? मी. म्हटलं, फुकट घे, पण आम्हाला बघू दे. माझा जावई वर्षभर मागच्या खोलीत करतो तरी काय, ते कळू दे एकदा!” एवढे बोलून त्यांनी त्याच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. घास खाली उतरला, परंतु काळजातून.

त्याने कर्स्टीला बाजूला घेतले. तिला फाटकवालीविषयी सर्व ठाऊक होते आणि ती हसलीही होती. आज मात्र तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

“आईनं आपल्याला घरात घेतलं, ड्युगल. सगळ्या क्लबापुढे तिचं हसं झालं ना, तर ती रागावणार नाही.”

“नाही रागावणार?”

“गप्प बसेल. एकदाच गप्प बसली होती, बाबांवर. तीन वर्षं.”

ड्युगल न्हाणीघरात शिरला, नळ सोडला आणि तवीताला फोन लावला. तवीता हा त्या कंपनीतला संगणकाचा जाणता, सामोआहून आलेल्या कुटुंबातला दणकट आणि शांत तरुण. तो पहाटेपासून हॉलमध्ये पडदा बांधीत होता.

“तवीता, फाटकवालीला उडव!”

“उडवू कशी, भावा? ती नसली तर फाटक उघडत नाही. फाटक नाही उघडलं तर मेंढरं अडतात, आणि मेंढरं अडली की खेळ गोठतो.”

“मग फाटकाचा भागच दाखवू नको.”

“तेवढा एकच भाग धड चालतोय.”

“तिला दुसरा चेहरा दे! दुसरा आवाज दे!”

“कुठला? आपल्याकडे तयार झालंय काय, तर कुत्रा आणि मेंढी.”

“मेंढीचा दे! चेहरा मेंढीचा, आवाज मेंढीचा!”

“ते मेंढरं वापरतायत. काढून घेतलं तर त्यांना काय—”

“ड्युगल!” बाहेरून नायरीबाईंनी दार ठोठावले. “नळ कोणी सोडलाय? समुद्र भरायचाय का?”

“अदलाबदल कर!” ड्युगल फोनमध्ये कुजबुजला. “काही विचारू नकोस. नुसती अदलाबदल कर!”

तवीता आज्ञाधारक होता. त्याने अदलाबदल केली.

दुपारी हॉल भरला. पांढऱ्या पोशाखातील क्लबाच्या भगिनी पुढल्या रांगा अडवून बसल्या. मधोमध नायरीबाई होत्या. शेजारी त्यांची मैत्रीण आणि हिरवळीवरील प्रतिस्पर्धी डॉरीन. मागे उभ्या तवीताने अंगठा उंचावून ‘झाले’ अशी खूण केली, तेव्हा ड्युगलच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच रंग आला आणि तो मोठ्या उमेदीने बोलू लागला.

“वर्षापूर्वी मला वाटायचं, गेम रचणं म्हणजे दिवसभर गेम खेळणं. मार्चभर मी एकच कुंपण जरा डावीकडे, जरा उजवीकडे सरकवत होतो. शेवटी ते पहिल्या जागीच बरं दिसलं.”

हॉल हसला.

“मेमध्ये आमचा कुत्रा डोंगरावरून जायच्या ऐवजी डोंगरातून जायला लागला. ते दुरुस्त केलं, तर डोंगर कुत्र्यातून जायला लागला. जूनमध्ये शाळेतली मुलं बोलावली, खेळ कसा वाटतो बघायला. मेंढराकडे एकानं ढुंकून पाहिलं नाही. दोन तास कुत्र्याला पुलावरून पाण्यात ढकलत होती, आणि जाताना म्हणाली, फार छान खेळ आहे.”

“आमच्या क्लबात नव्या मेंबरांचं असंच असतं,” डॉरीन म्हणाल्या. नायरीबाई हसता हसता अभिमानाने मागे वळून पाहत होत्या. ड्युगलला वाटले, वर्ष सार्थकी लागले.

“आता खेळून दाखवा!” रोविनाने घोषणा केली. “आणि ज्यांनी हॉल दिला त्यांच्याच हातून सुरुवात होऊ दे. या, नायरी!”

टाळ्यांच्या गजरात नायरीबाई उठल्या, चष्मा पुसला, खेळाचे बटणयंत्र हाती घेतले आणि कुत्रा चालवू लागल्या. कुत्रा फाटकाशी आला. तेथे एप्रन बांधलेली, कमरेवर हात ठेवलेली एक मेंढी दोन पायांवर उभी होती. कुत्रा फाटक उघडे टाकून पुढे झाला, तशी ती क्रोधाने थरथरत म्हणाली, “बेंऽऽ!”

हॉल खदखदून हसला. ड्युगलने डोळे मिटून देवाचे आभार मानले.

ते आभार अर्ध्यावर असतानाच डोंगरमाथ्यावरून कळप उतरला.

प्रथम एकच मेंढी दिसली. तिच्या लोकरीतून, लग्नातला केक कलंडताना टिपलेला तो चेहरा हॉलकडे रोखून पाहत होता. तिच्यामागे दहा आल्या, मग शंभर. पाहता पाहता सगळा डोंगर नायरीबाईंनी पांढरा झाला. आणि त्या सर्वजणी बोलत होत्या. “ड्युगल, फाटक कोणी उघडं टाकलं?” “कपडे दोरीवरच!” “ड्युगल! ड्युगल!” कोकरांचा आवाज मेंढीपेक्षा बारीक निघावा अशी सोय पूर्वीच केलेली असल्यामुळे, आयांच्या पायांतून उड्या मारीत जाणारी इवलीइवली नायरीबाळे किनऱ्या स्वरात किंचाळत होती, “बूट! बूट! बूट!”

मागे तवीताचा अंगठा हळूहळू खाली आला.

डॉरीन पुढे वाकल्या. “नायरी, ती पुढची मेंढी तुझ्यासारखी दिसते गं.”

“पुढचीच?” दुसऱ्या बाई म्हणाल्या. “ती मागची बघ. ती तर चालते पण तिच्यासारखी.”

कर्स्टी नवऱ्याच्या कानाशी लागली. “विमा कंपनीत जागा आहे का बघ.”

नायरीबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून त्या कुत्रा चालवीत राहिल्या. एक नायरी वाट चुकली, तिला वळवले. एक कोकरू ‘बूट’ म्हणत ओढ्यात निघाले, त्याला परतवले. हॉलमधले हसू आपोआप विरत गेले. शेवटली मेंढी आत गेली, कुत्र्याने फाटक लावले, आणि बाईंनी यंत्र खाली ठेवले. त्या शांततेत ड्युगलला मागली खोली, गरम चीज रोल, आणि तीन वर्षे अबोला सोसलेले कै. सासरे, असे सर्व एकदम दिसले.

“हे कुणाचं काम?”

“माझं.” त्याचा आवाज कोकरासारखाच निघाला. “तवीताचा दोष नाही. तुम्ही मेंढी नव्हता, नायरी. तुम्ही... फाटकवाली होता.”

“फोटो लग्नातला?”

“हो.”

“आणि हे बोलणं?”

“तुमचे निरोप. फोनवरचे.”

“कधीपासूनचे?”

“जानेवारीपासूनचे सगळे.”

नायरीबाईंनी चष्मा काढला. “सगळे ठेवलेस?” त्या म्हणाल्या. “कर्स्टीचे बाबा माझा निरोप पुरा ऐकायच्या आधीच पुसायचे.”

ड्युगलने नेमके नको ते सांगितले. “पण ते तात्पुरतं आहे, नायरी! शपथेवर सांगतो. पुढच्या महिन्यात वेलिंग्टनहून एक नटी येणार आहे, तिचा आवाज—”

“नटी?”

हॉलमध्ये हिवाळा उतरला.

“वर्षभर राबले मी, आणि आता नटी? तिला काय ठाऊक गं, डॉरीन, फाटकावर ओरडायचं ते?”

“तिच्याकडे फाटक तरी असेल का!” डॉरीन कडाडल्या. तीस पांढऱ्या टोप्या होकारार्थी हलल्या.

“आणि तो फाटकाचा निरोप, कपड्यांचा निरोप, सगळे सर्दीतले आहेत,” नायरीबाई म्हणाल्या. “जगभर जायचं तर नीट घे. मंगळवारी येते मी.”

अशा रीतीने नटीला नकार कळवला गेला आणि मंगळवारी नायरीबाई केस वळवून, मोत्यांची कर्णफुले घालून कचेरीत आल्या. ड्युगलच्या डोक्यावरील पर्वत उतरला होता. दुसरा पर्वत जवळच उभा होता, हे त्याला त्यांनी तोंड उघडताच कळले.

“ड्युगल,” त्या मायेने म्हणाल्या, “फाटक कुणी बरं उघडं ठेवलं?”

“जरा रागानं, नायरी.”

“हो, हो.” त्यांनी भुवया आवळल्या. “ड्युगल, राजा, फाटक!”

सगळी सकाळ गेली. राग येईना. ज्या स्त्रीचे बोलणे वर्षभर कोणीतरी जपून ठेवले आहे, तिने रागवावे तरी कशाला? वर्षभर जो रागापासून पळाला, तो आता रागासाठी वणवण करू लागला. घरून मागवून घेतलेला नायरीबाईंचा निळा कप, ज्याला हात लावण्याची सासऱ्यांचीही छाती झाली नव्हती, त्यात ड्युगलने त्यांच्यादेखत रंगाचा कुंचला बुडवून खळबळला. तवीताने ध्वनियंत्र सुरू केले. सर्वांनी श्वास रोखला.

“असू दे हं, बाळा,” नायरीबाई मंद हसून म्हणाल्या. “मी धुऊन टाकीन. मला काय, सवयच आहे.”

तवीताने कानांवरचे यंत्र काढले. त्या दणकट मनुष्याच्या दंडांवर काटा आला होता.

“भावा,” तो म्हणाला, “हे जास्त भयंकर आहे.”

ते तसेच ठेवण्यात आले. शाळेतली मुले पुन्हा बोलावली. वर्षभर कडाडणाऱ्या फाटकवालीला वाकुल्या दाखवणारी ती कार्टी, “असू दे हं, बाळा, मी लावीन फाटक. मला काय, सवयच आहे,” हे ऐकताच पुलावरून कुत्र्याला माघारी पळवीत आली आणि एकमेकांना ढकलत फाटक लावू लागली. एकाने तर निघताना कचेरीचे दारही लावले.

त्या संध्याकाळी ड्युगल घरी भांडी विसळीत होता, कोणी न सांगता. आतून नायरीबाई डॉरीनशी फोनवर बोलत होत्या आणि जगभर जाण्यापूर्वी छायाचित्रही नवे काढावे लागेल, हे तिला समजावून सांगत होत्या.

ज्याचे बोलणे ऐकून घेणारे कोणी आहे, अशा प्रत्येक रागीट जिवाला असेच निवांतपण लाभो; आणि जावयाच्या कानांना, कडू शब्दांची झाली तशी, गोड शब्दांचीही सवय लवकर होवो.