सासूबाई आणि पडद्यावरच्या मुंग्या

ऑफिसातली हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि माझा तिच्यावर डोळा होता. त्या भरात एक दिवस साहेबांपुढे जीभ सुटली, "साहेब, रविवारी फायनल बघायला आमच्याकडेच या. आमच्या टीव्हीवर बॉलची शिवणसुद्धा दिसते."

साहेब लगेच हो म्हणाले. (साहेबांनी आपलं इतक्या पटकन ऐकलं की समजावं, काहीतरी चुकलंय.)

खरं म्हणजे आमच्या टीव्हीवर बॉलच काय, बॅटसुद्धा दिसत नसे. लाकडी पेटी, सरकती दारं, वर दोन शिंगांचा अँटेना असा सगळा थाट. पण आत सदा मुंग्या. रिमोट तेव्हा जन्माला यायचा होता, त्यामुळे रिमोट मीच. खटके फिरवायला सोयीचं म्हणून मी टीव्हीला खेटून खुर्ची टाकायचो आणि बायकोला समजावायचो, "तो उजवीकडचा ठिपका दिसतोय ना, तो बोलर."

पण सासूबाई मुक्कामाला आल्या आणि चमत्कार झाला. त्या खोलीत आल्या की मी त्यांना खुर्ची देऊन दूर दाराशी उभा राही (आदर म्हणा, भीती म्हणा), आणि चित्र आरशासारखं स्वच्छ होई. त्या उठल्या, मी बसलो, की मुंग्या हजर. यावरून मी शास्त्रीय निष्कर्ष काढला, की सासूबाईंच्या अंगातच काहीतरी आहे.

आणि नेमकी शुक्रवारी त्यांनी बॅग भरायला घेतली.

"आई, इतक्यात कशाला? राहा की," मी म्हणालो.

बायकोच्या हातातलं भांडं पडलं. सासूबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "जावईबापू, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"तुमच्याशिवाय घर खायला उठतं, आई."

"मग खिडकीजवळची तुमची कॉट मला द्या. आत उकडतं फार."

"घ्या."

"आणि त्या सिगरेटी बंद."

मी पाकीट त्यांच्या हवाली केलं. गरजवंताला अक्कल नसते.

रविवारी साहेब आले. सासूबाई खुर्चीत, साहेब शेजारी, मी दाराशी. "वा, शिवण खरंच दिसते हो," साहेब म्हणाले. माझं मन हेडक्लार्कच्या टेबलाशी जाऊन बसलंसुद्धा.

शेवटच्या षटकाला सासूबाई उठल्या. "चहा टाकते," म्हणून आत निघून गेल्या. "आई, बसा, चित्र जाईल," असं ओरडत मी खुर्चीकडे धावलो. चित्र गेलं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो.

"अहो, आई तर केव्हाच आत गेलीय," बायको म्हणाली. "तुम्ही पुढे आलात तेव्हा गेलं. जरा मागे व्हा बघू."

मी मागे झालो. मुंग्या कमी झाल्या.

"अजून."

दाराशी पोचलो. चित्र लख्ख. खात्री करून घ्यायला एक पाऊल पुढे टाकलं, तर पुन्हा मुंग्या.

"तुम्ही जिन्यातच उभे राहा ना," साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आणि दार ओढून घ्या."

कोण जिंकलं ते मला शेजाऱ्यांना विचारावं लागलं.

बढती मात्र मिळाली. फिरतीची. मॅच असली की मी दौऱ्यावर आणि साहेब आमच्या घरी, असा शिरस्ताच पडला. पुढे सासूबाईंनी साहेबांकडे माझ्यासाठी शब्दही टाकला : वर्ल्डकपच्या महिन्यात यांना दौरा जरा लांबचा द्या.