कटरे सिस्टरांचं पाचवं टारगेट

कटरे सिस्टर दर वर्षी एक एप्रिलला भूत पाहायचं ठरवायच्या आणि एकतीस मार्चला त्याच्यापुढे 'शिल्लक' असं लिहायच्या.

एप्रिल ते मार्च, कारण सगळी उमर आरोग्य खात्यात नर्सबाई म्हणून गेली. लसीकरणाचं टारगेट, ऑपरेशनचं टारगेट, मलेरियासाठी रक्त घेतलेल्या काचपट्ट्यांचं टारगेट. रिटायर झाल्या, टारगेट बंद झालं आणि पहिल्याच महिन्यात सिस्टरांचं बीपी वाढलं. औषधही त्यांनीच शोधलं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून एक लांब रजिस्टर आणलं, त्यावर रकाने आखले आणि वर लिहिलं: 'उद्दिष्ट, साध्य, शिल्लक, शेरा'. दर वर्षी पाच गोष्टी, आणि पाचही जन्मात कधी न केलेल्या.

मी तेव्हा गोरेगावच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि त्यांच्याच घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. गावात मोबाइलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता, आणि त्याखाली उभं राहून बोललं तर जास्त ऐकू येतं असं लोकांना वाटण्याचे ते दिवस. सिस्टर एकट्या. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायच्या, "टारगेटमधी नव्हतं."

पहिली चार कामं त्या दिवाळीच्या आत उरकायच्या. साठीनंतर स्कूटी शिकल्या. शेरा: 'साध्य. एक कोंबडी जखमी, उपचार केले.' गोंदियाला जाऊन पिझ्झा खाल्ला. शेरा: 'साध्य. पुन्हा नाही.' एका वर्षी विमान जवळून पाहायचं ठरलं, तर मला स्कूटीवर मागे बसवून बिरसीच्या विमानतळावर नेलं. तारेच्या कुंपणाबाहेर, धानाच्या बांधीत आम्ही दोन तास उभ्या. शिकाऊ पोरांची छोटी विमानं डोक्यावरून जाऊन राहिली होती, आणि सिस्टर प्रत्येकाला हात दाखवत होत्या. शेवटी एकाने म्हणे पंख हलवला. मला दिसला नाही. शेऱ्यात मात्र माझी साक्षीदार म्हणून सही घेतली.

पाचवं तेवढं राहायचं. 'भूत. प्रत्यक्ष पाहणे.'

"पण सिस्टर, तुमचा भुतावर विश्वास आहे का?" मी एकदा विचारलं.

"अजिबात नाही."

"मग पाहायचं कशाला?"

"विश्वास असता तं पाहाची गरज का होती?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक कोरा फॉर्म ठेवला. भुतांचा त्यांनी घरोघरी सर्व्हे चालवला होता. कोठी दिसलं, किती वाजता, बाई का माणूस, तवा तुम्हाला ताप होता का, आदल्या दिवशी काय पेलं होतं. तीन भुतं मलेरियाची निघाली, एक मोहाच्या दारूचं. एका म्हाताऱ्याला भिंतीवर धुरकट बाई दिसायची. त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं, तेव्हापासून बाई दिसेनाशी झाली. म्हातारा नाराज झाला. म्हणाला, "तेवढीच सोबत होती."

आजार वजा जाता जी भुतं उरली, त्यांच्या जागी सिस्टर स्वतः जायच्या. तेही भर दुपारी. "रातच्याले माणसाले काहीबी दिसते. दिवसा दिसलं तं खरं." आणि जागेवर पोचल्या की दवाखान्यात नव्या पेशंटला सांगावं तसं मोठ्याने सांगायच्या, "घाबरू नका. मी सिस्टर आहो."

एकदा बंद पडलेल्या एका राइस मिलमध्ये मला नेलं. आत कोंड्याचा जुनाट वास, छताच्या फटींतून आलेले उन्हाचे पट्टे आणि त्यात तरंगणारी धूळ. सिस्टरांनी आपलं वाक्य म्हटलं. आतल्या अंधारातून कोणीतरी लांब श्वास सोडला. दिवसभराचं ओझं उतरवून बसताना माणूस सोडतो, तसा. दारातला चौकीदार घाईने म्हणाला, "कुछ नहीं मैडम, चूहा है."

"चूहा इतनी लंबी साँस लेता है क्या?" सिस्टर.

चौकीदाराने थोडा विचार केला. "यहाँ का लेता है," तो म्हणाला, आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

दुसऱ्या वेळी सिस्टर एका पडक्या विहिरीजवळच्या चिंचेखाली एकट्याच जाऊन बसल्या. सोबत डबा, दोन पोळ्या आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. "येणाराले भूक लागली असन तं?" परत आल्या तेव्हा डबा रिकामा होता, आणि त्यांनी तर काही खाल्लं नव्हतं. जरासा डोळा लागला होता म्हणे.

"कुत्र्याने खाल्लं असेल," मी म्हटलं.

"झाकण लावून ठेवते का कुत्रा?"

सिस्टरांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "चांगल्या घरचा असन," त्या म्हणाल्या आणि मार्चअखेर रजिस्टरमध्ये 'शिल्लक' लिहून टाकलं.

असं हसण्यावारी चाललं होतं. एकदा फॉर्मचे गठ्ठे लावता लावता मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बरेचसे फॉर्म एकाच जागेचे होते. सिस्टरांची शेवटची काही वर्षं सोडली, तर सारी नोकरी ज्या गावच्या उपकेंद्रात गेली, त्या गावच्या तलावाची पाळ, म्हणजे काठचा मातीचा बांध. सांगणारे वेगवेगळे, शेतकरी, मासे धरणारे ढिवर, धुणं धुणाऱ्या बाया. पण सांगणं एकच. पाळीवर एक तरुण बाई बसलेली असते. जाणाऱ्याला विचारते, माहं लेकरू कोठी हाये? लोक हातातलं टाकून पळतात. ताप कोणाला नव्हता, प्यालेलंही कोणी नव्हतं.

"इथं कधी जायचं?" मी विचारलं.

"दूर पडते," सिस्टर म्हणाल्या. बिरसीला स्कूटीवर जाऊन आलेल्या बाईला ते गाव दूर पडत होतं! त्यांनी तो गठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि आलमारीत ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतरच्या वर्षी, पोळा होऊन गेला होता, तेव्हाची गोष्ट. अर्जुनी मोरगावहून एक मुलगी बसने आली. सतरा-अठराची, उंच, वेणी कमरेच्या खाली. हातात पेढ्यांचा पुडा. मनीषा तिचं नाव. मामाकडे वाढलेली. नर्सिंगला नंबर लागला होता, ते सांगायला आली होती. सिस्टरांच्या पाया पडली, चहा घेतला, मला पेढा दिला आणि चारच्या गाडीने परत गेली.

"कोण हो ही?" मी विचारलं.

"माही केस," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या हातून जन्मलेली सगळीच पोरं त्यांची 'केस' असायची, त्यामुळे मला त्यात नवीन काही वाटलं नाही. नवीन एवढंच, की त्या संध्याकाळी सिस्टर जेवल्या नाहीत. पेढ्यांचा पुडा समोर ठेवून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराच्या सुमारास त्या पांढरं पातळ नेसून दारात उभ्या राहिल्या. पांढरं त्या नोकरीत असतानाच नेसत. मी पहिल्यांदाच पाहत होते. "चाल बाई. त्या तलावावर जाऊ."

स्कूटी त्या दिवशी मी चालवली. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. वारा नाही, ऊन नाही, कशाचीच सावली पडलेली नाही. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं धान गच्च उभं होतं. सिस्टर मागून माझ्या कानाशी बोलत होत्या.

"फुलवंता नाव होतं तिचं. मनीषाची माय. धानाच्या रोवणीचे दिवस होते, नाल्याले पूर. गाडी येत नव्हती, बैलगाडी उतरत नव्हती. मी एकटी, तिची सासू अना कंदील. पोरगी झाली, पण रडून नाही राहिली. काळीनिळी पडली. मी तिले घेऊन पाठमोरी बसली, तोंडातलं काढलं, फुंकर घातली, पाठ चोळली. मांगून फुलवंता विचारून राहिली होती. सिस्टर, पोरगा का पोरगी? सिस्टर, रडून काऊन नाही राहिलं? मी म्हटलं, थांब वो, सांगतो. मंग पोरगी रडली. मी सांगाले वळली..."

स्कूटी खड्ड्यातून गेली. सिस्टर थांबल्या.

"ऐकाले कोणी नव्हतं."

मी स्कूटीचा वेग कमी केला.

"गाववाले म्हणतात, ती पाळीवर बसते. लेकरू कोठी हाये म्हणते. आता हे खोटं असन, शंभर टक्के खोटं असन. पण बाई, समज, एखाद्या वेळेस खरं असन तं? इतक्या वर्षांपासून ती विचारून राहिली अना एकानंबी तिले सांगतलं नाही. जो तो पळूनच राहिला."

"मग तुम्ही आधीच का नाही आलात?"

"का सांगू म्हणून येऊ? बाप दुसरं लगन करून निघून गेला, पोर मामाच्या दारात शेण काढून राहिली, हे सांगू? सांगाजोगं तं कालच झालं."

आणि मला तेव्हा कळलं, की ती राइस मिल आणि ती चिंच कशासाठी होती. एक जरी भूत खरं निघालं असतं, तर इथे येण्याला अर्थ होता.

तलाव काठोकाठ भरलेला होता. पाळीवर मोहाची जुनी झाडं. रविवार असून धुणं धुणारी एक बाई नाही, गुरं नाहीत, ढिवरांचा डोंगा काठाला उलटा पडलेला. मी स्कूटी पाळीच्या पायथ्याशी लावली. सिस्टर म्हणाल्या, "तू अठीच थांब," आणि एकट्या वर चढल्या. शाळेच्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाइतकं आमच्यात अंतर असेल. पांढरं पातळ तेवढं दिसत होतं, तेही पाठमोरं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात, "घाबरू नको फुलवंता. मी सिस्टर आहो."

पाणी हललं नाही. झाडाचं पान हललं नाही. त्या शांततेत त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"पोरगी झाली तुले. रडली. चांगली जोरानं रडली."

थोडा वेळ गेला.

"हो, जिवंत हाये. मोठी झाली."

पुन्हा थोडा वेळ.

"मामाकडं. अर्जुनीले."

"नाही वो, काळी नाही. तुह्याच रंगाची. केस हे इथवर."

एकटं बोलणारा माणूस असा थांबत नाही. मी मान उंच करून पाहिलं. त्यांच्यासमोर पाळीचं गवत होतं, आणि त्यापलीकडे पाणी. ओरडून त्यांना हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही.

"नर्स होऊन राहिली. माह्यासारखी."

मग एकदम त्यांनी मागे न पाहताच हात झटकला, आपण मध्येमध्ये बोलणाऱ्याला गप्प करतो तसा. "आता ते तुले माहीत हाये ना!" जराशा चिडूनच म्हणाल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या, पदराने तोंड पुसलं आणि पाळ उतरून खाली आल्या.

चेहरा उतरलेला होता. "नाही दिसली," म्हणाल्या. "कोणीच नाही हाये तठी. मलेच वाटलं होतं. चाल, घरी जाऊ." आणि स्कूटीवर बसता बसता, "पण तुनं बरं केलं. एकटीनं मले इतकं सांगताच नसतं आलं. तू मांगून एकेक विचारत गेली म्हून सुचत गेलं."

मी चावी लावत होते. हात तसाच राहिला.

खोटं बोलावं असं एक क्षण मनात आलं. म्हातारी बाई, बीपीची गोळी चालू, आणि आम्ही दोघीच त्या तलावावर. पण त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "सिस्टर, मी काहीच नाही विचारलं. मी इथून हललेही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं की नाही, हे माझ्या तोंडावरूनच वाचता येईल असं पाहिलं. मग मान वळवून पाळीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्या कोसळणार, आणि मी त्यांना धरायला पुढे झाले.

पण सिस्टर स्कूटीवरून उतरल्या. पातळाच्या निऱ्या सावरल्या. पस्तीस वर्षं बाळंतिणीच्या खाटेकडे जाताना जशी घाई त्यांच्या चालण्यात असेल, तशा भराभर पाळ चढू लागल्या.

"सिस्टर! कुठे निघालात?"

"अवो, तिनं शेवटी नाव विचारलं होतं," त्या वर चढता चढता म्हणाल्या. "नाव का ठेवलं म्हून. मले वाटलं तू विचारून राहिली. तुले तं माहीत हाये, म्हून सांगतलंच नाही मी."

मग मीही त्यांच्यामागे चढले. भीती होतीच, पण त्यांचा हात धरला. हात गार होता. मोहाखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो, समोरच्या गवताकडे पाहत.

"मनीषा," सिस्टर म्हणाल्या. "मीच ठेवलं. तुले चालते ना?"