चमचे नसलेलं घर

पहिल्याच संध्याकाळी तुर्गुतने मला अकरा ग्लास चहा पाजला. मी मोजले, कारण सातव्या ग्लासानंतर मोजण्याशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं होतं.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या त्या फ्लॅटमध्ये तीन तुर्की विद्यार्थी राहत होते आणि एक खोली रिकामी होती. मी पुण्याहून नुकताच नोकरीला आलेलो. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, आणि बायको, सीमा, इथे राहायचा पास मिळण्याची वाट बघत पुण्यात. एम्रे आणि सेर्कान ही दोघं पोरसवदा होती. तुर्गुत मात्र पस्तिशीला टेकलेला, टक्कल पडू लागलेला, आणि सात वर्षं पीएचडी करणारा. समुद्र बुजवून केलेली जमीन किती खचते हा त्याचा विषय. पीएचडी कधी संपणार असं कुणी विचारलं की म्हणायचा, "जमीन खचायला वेळ घेते, त्यात माझा काय दोष?"

चहा करायला त्याच्याकडे एकीवर एक बसणाऱ्या दोन किटल्या होत्या आणि कमरेत बारीक असे काचेचे छोटे ग्लास. चहा ओतला की तो ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून रंग तपासायचा. "बघ! याला आम्ही सशाचं रक्त म्हणतो." माझ्यासारख्या जन्मजात शाकाहाऱ्याला हे ऐकल्यावर पहिला घोट घेणं जड गेलं. दूध घालू का, असं मी विचारलं मात्र, तो ओरडला, "ओल्माझ, लाह!" ओल्माझ म्हणजे चालणार नाही. लाह सिंगापूरचं. सात वर्षांत त्याने या शहराकडून एवढंच घेतलं होतं.

अकरा ग्लासांचं कारण साधं होतं. ग्लासात काही शिल्लक ठेवायचं नाही, असं मला आईने लहानपणापासून बजावलेलं. तर पाहुण्यासमोर रिकामा ग्लास दिसणं ही त्याच्या घरी नामुष्की. मी संपवून हुश्श करायचो आणि तो झडप घालून पुन्हा भरायचा. दोघंही अत्यंत सभ्यपणे एकमेकांचा जीव घेत होतो.

तिसऱ्या दिवशी एम्रेला माझी दया आली. "चमचा ग्लासवर आडवा ठेव," तो स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "म्हणजे पुरे. मग तोही काही बोलू शकत नाही."

मी आनंदाने चमचा शोधायला गेलो. खणात काटे होते, सुऱ्या होत्या, बटाट्याची सालं काढायचं यंत्रही होतं. चमचा एकही नव्हता.

"तुर्गुत, चमचे कुठे गेले?"

त्याने भुवया उंचावल्या आणि जिभेने चक् केलं. हा त्यांच्याकडचा नकार. "दमट हवा. इथे काही टिकत नाही."

साखर तो आतच ढवळून आणायचा. "तू ऑफिसातून दमून येतोस, ढवळायचं काम माझं." केवढी ही आपुलकी, असं मला वाटायचं. शेवटी मी खालच्या दुकानातून निळ्या मुठीचे सहा चमचे आणले. सोमवारी आणले, गुरुवारी गेले. मला सेर्कानचा संशय होता. आम्ही पोहे काट्याने खाऊ लागलो.

चहाबरोबर प्रश्न यायचे. सीमाचा भाऊ काय करतो, पुण्यात थंडी किती, लग्नात आहेर म्हणून भांडीच का देतात. माझ्या आईचा गुडघा दुखायचा, तर त्याची चौकशी रोज. "गुडघा कसा आहे?" एवढं विचारूनच पहिला ग्लास भरायचा. स्वतःबद्दल मात्र फारसं बोलत नसे. आई गेली तेव्हा इथून वेळेवर निघता आलं नाही, एवढं एकदा म्हणाला आणि किटलीत पाणी घालायला उठला.

वर्षभरात एम्रे आणि सेर्कानचं शिक्षण संपलं आणि दोघं मायदेशी गेले. उरलो आम्ही दोघं. आणि मग सीमाचा पास आला. शहराच्या पार दुसऱ्या भागात, आंग मो किओला, मी घरही बघून ठेवलं. आता एवढंच राहिलं होतं, की तुर्गुतला सांगायचं. चार दिवस मी पहिल्या ग्लासाला ठरवायचो आणि पाचव्या ग्लासाला उद्यावर ढकलायचो.

रविवारी दुपारी तो किटलीपाशी होता. "मिलिंद, माझ्या टेबलाच्या वरच्या खणात साखर आहे, आण ना!"

मी चुकून खालचा खण उघडला. आत एक टॉवेल होता, नीट घडी घातलेला. तो उचलला तर खणखणला. तीस-चाळीस चमचे असतील. घासूनपुसून, वाजू नयेत म्हणून गुंडाळून ठेवलेले. निळ्या मुठीचे माझे सहाही त्यात होते.

आधी मला हसूच आलं. मग लक्षात आलं, की ग्लासवर चमचा ठेवला की माणूस उठतो, आपल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. खण बंद करून मी साखर घेऊन बाहेर आलो आणि आता नाही तर कधीच नाही, म्हणून एका दमात सांगून टाकलं. "सीमाचा पास झाला. पुढच्या महिन्यात मी आंग मो किओला जातोय."

तुर्गुतने ग्लास उजेडासमोर धरला. बराच वेळ धरला. मग भुवया उंचावून म्हणाला, "ओल्माझ." यावेळी लाह नव्हतं. आणि लगेच मान हलवून, "नाही, नाही. छान झालं. नवरा-बायको एका घरात पाहिजेत. आईला सांगितलंस?"

तो उठून आत गेला. खण उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात निळ्या मुठीचा एक चमचा होता. त्याने तो माझ्या ग्लासाशेजारी ठेवला.

"घे," तो म्हणाला. "सापडला. तुला आवरायचं असेल, सामान बांधायचं असेल."

मी चमचा उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. रिकामा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"अजून एक," मी म्हणालो.

त्या दिवशी चौदा झाले.