गेट दुसऱ्या फेजमध्ये

चूक बाबांची. शंभर टक्के बाबांची. उमाकांतरावांनी पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात ड्रॉइंगं मंजूर केली आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवतात म्हणून चिंतामणी गावाच्या पलीकडे वीस एकर माळ घेतला. (लोक बाल्कनीत तुळस लावतात.)

माळाला माणूस हवा. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून मारतहळ्ळीच्या घरी बसलेला ध्रुव आयताच सापडला.

"कुंपण झालं की पत्र्याची शेड टाकू. तू तिथेच राहायचं."

"आणि करायचं काय?"

"राखण."

"कसली? दगडांची?"

(वर्षभरात तिथून एकच वस्तू चोरीला गेली होती. 'प्रवेश बंद'चा बोर्ड.)

कुंपणाच्या शेवटच्या दिवशी बाबांनी गाडी थेट माळाच्या मधोमध नेली आणि एसीत बसून देखरेख केली. बाहेर गडी दगडी खांबांना काटेरी तार ओढत होते. दुपारी ध्रुवच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, गेट कुठंय?"

"ड्रॉइंग बघ. गेट फेज टू."

"आणि आपली गाडी?"

"डिग्री कोणाकडे आहे?"

गडी तार ताणून ट्रॅक्टरवरून निघून गेले. बाबांनी ऐटीत गाडी सुरू केली आणि कुंपणाला आतून प्रदक्षिणा घातली. मग दुसरी घातली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"निघालात का?"

"तांत्रिक अडचण आहे, सुलभा."

"आई, आम्ही कोंडले गेलोय," ध्रुव ओरडला.

शेजारच्या शेतातले आप्पाजी धावत आले आणि पोट धरून हसले. मग कन्नडमध्ये काहीतरी बोलले. ध्रुवने बाबांना मुद्दाम शब्दन् शब्द सांगितला, "ते म्हणतायत, कुंपण गुरांसाठी असतं. मालकासाठी नसतं."

आप्पाजींनी पक्कड काढली.

"थांबा! मंजुरीशिवाय तार तोडायची नाही!"

तार तटकन तुटली. "जमीन मला द्या, सार. नाचणी लावतो, राखणही मीच करतो," आप्पाजी म्हणाले. ध्रुवने तेही घाईघाईने बाबांना सांगितलं.

बाबांनी वीस एकरांकडे बघितलं, मग तोंड पुसलं. "सरी," ते म्हणाले. (म्हणजे 'ठीक'. पस्तीस वर्षांत शिकलेलं एवढंच कन्नड.)

शेड रद्द, राखण रद्द! ध्रुवला आप्पाजींच्या बैलालासुद्धा मिठी मारावीशी वाटली. घरी परतताना के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमध्येही तो शीळ घालत होता.

"आता तू मोकळाच," बाबा म्हणाले. "उद्या कॉलेजात जाऊन बोलतो मी."

माळावरून सुटका झाली. त्या बदल्यात ध्रुवची तीन वर्षं पुन्हा इंजिनिअरिंगमध्ये गेली.