टिपणी खालीच शोभते

मुदतवाढ हवी का, असं राजेंद्र साहेबांनी ईमेलवर विचारलं. त्रिंबकरावांनी तीनदा ‘होय’ कळवलं आणि तिन्ही वेळा साहेबांनी पुन्हा तेच विचारलं. चौथ्या ईमेलात ‘शेवटची विचारणा’ असे शब्द आले, तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळणाऱ्या त्रिंबकरावांना घाम फुटला. महिनाअखेरीला निवृत्ती होती आणि घरी बानाबाईंनी बजावून ठेवलं होतं, “तुम्ही दिवसभर माझ्या शेगडीपाशी बसणार असाल, तर मी चालले वैजापूरला भावाकडं. रविवार तेवढे लई झाले.”

शेजारच्या टेबलावरच्या प्रांजलीनं त्यांच्या संगणकात डोकं घातलं. माऊसचं चाक फिरवत ती खाली गेली, आणखी खाली गेली.

“काका, तुमचं ‘होय’ इथं तळाला हाय. साहेब उघडतात, तर वर त्यांचंच पत्र. एवढं खाली कोण उतरतं? ही सेटिंग कुणी केली?”

त्रिंबकराव खाकरले. केली होती त्यांनीच. इथं येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी बाजार समितीत कारकुनी केली. तिथं फायलीत नवी टिपणी जुन्या टिपणीच्या खाली पडायची. साहेबाच्या डोक्यावर लिहिणारा कारकून अजून जन्मायचा होता. म्हणून रुजू होताच त्यांनी अख्खी दुपार खर्चून ‘उत्तर मूळ मजकुराच्या खाली’ ही खूण शोधून काढली, आणि पुढं महिनाभर जायकवाडीचं पाणी आपणच आणल्यासारखं सांगत फिरले.

“म्हणजे तीन वर्षं माझं कुणीच वाचलं नाय?”

“नाय, काका. सगळ्यांना वाटतं, तुम्ही नुसती पोच देता.”

आपल्या सल्ल्यावर साहेब विचार करत असतील, म्हणून गप्प असतील, अशी त्रिंबकरावांची समजूत होती. ती तिथंच ढासळली.

प्रांजलीनं सेटिंग बदलली. त्रिंबकरावांनी सगळ्यात वर लिहिलं, ‘होय. मुदतवाढ हवी.’ मग बावीस वर्षांच्या सवयीनं हात पुढं चालला: ‘मागील टिपण्या खाली आहेत. अवलोकन व्हावे.’ आणि पाठवून दिलं.

चहाचा दुसरा घोट घेताना त्यांना आठवलं, खाली काय काय आहे ते. साहेब नवं पत्र कधी सुरू करत नसत, ‘स्टोअर आढावा’ या जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून सगळं लिहीत. आणि कुणी उलट बोलत नाही म्हटल्यावर त्रिंबकरावांची लेखणी दुसऱ्या वर्षापासून सैल सुटली होती.

“प्रांजली, गेलेलं परत ओढता येतं का?”

“नाय.”

“मग कारखान्याची लाईट घालव.”

“साहेबांकडं इन्व्हर्टर हाय, काका.”

तेवढ्यात बोलावणं आलं. केबिनमध्ये साहेबांचं बोट माऊसच्या चाकावर होतं.

“‘शेडची गळती साहेबांना दिसायची नाही. साहेब पावसाळ्यात केबिनबाहेर उगवत नाहीत.’ हे तुमचं?”

“टिपणी आहे, साहेब.”

“‘साहेबांचा हुकूम म्हणजे आहेराची टॉवेल-टोपी. हसून घ्यायची, कपाटात टाकायची.’”

“ती जरा मोघम टिपणी आहे.”

“त्रिंबकराव, दर मीटिंगला मी तुमचं नाव घेतो. म्हणतो, त्यांच्यासारखं व्हा. हुकूम गेला की पोच येते, उलट शब्द नाही. मुदतवाढ त्याच्यावरच देत होतो मी.”

त्रिंबकरावांना बानाबाई पिशवी भरताना दिसू लागल्या. साहेब वाचत राहिले. एका ठिकाणी त्यांचं पोट हललं, चेहरा मात्र तसाच राहिला.

“मुदतवाढ देतो. पण ती सेटिंग आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखी करा. हे वर दिसायला लागलं, तर उद्या सगळेच लिहितील.”

पुढच्या आठवड्यात साहेबांचा हुकूम आला, ‘शेडमधील माल कोरडा ठेवावा.’ त्रिंबकरावांनी तळाशी लिहिलं, ‘मालाला तसं सांगितलं आहे. पत्र्यालाही कुणी सांगावं.’ तासाभरात उत्तर आलं. वर नवं काहीच नव्हतं. नुसती पोच दिसते, असं पुटपुटत ते बंद करणार होते, पण कसं कोण जाणे, बोट चाकावर गेलं.

तळाशी, त्यांच्या टिपणीच्याही खाली, एक ओळ होती.

‘पाहिले. उद्या शेडमध्ये येतो. छत्री तुमची आणा, माझी गळते.’