फक्त खोली चुकली

आयकराच्या हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज सुरू झाला की निंबार्ते वकील खुर्चीवरून उठतात आणि फोन ठेवेपर्यंत उभेच राहतात. "बसून बोललं का कॉल कटते," म्हणतात. उभ्यानेही कटतोच. मोहाडीच्या बाजारामागे त्यांची एका खोलीची कचेरी आहे. खरं तर ते वकील नाहीत, लोकांचे कर भरून देतात. पण आमच्याकडे अशा माणसाला वकीलच म्हणतात.

आगाऊ कराची तारीख जवळ आली की लग्नाचं बोलावणं करावं तसे ते गिऱ्हाइकांच्या दारोदार जातात. भरलेली रक्कम पुढे खात्यात भलतीकडेच जमा झाली, की तेच लोक त्यांच्या अंगावर येतात. एकदा आंधळगावचे राइस मिलवाले टेबलावर हात आपटून ओरडले, "माये पैसे गेले कुठी?"

"कुठीच नाही गेले, शेठ. सरकारच्याच घरी आहेत, फक्त खोली चुकली."

"मंग काढा ना बाहेर!"

"काढून तर राहिलो. दार आतून बंद आहे."

माझी बायको सुमन कोशाच्या रेशमी साड्या विकायची. गेल्या वर्षी ती गेली. आगाऊ कराचे हप्ते तिने आजारपणातही वेळेवर भरले होते. खात्याने ते दुसऱ्याच वर्षात टाकले आणि तिच्या नावाने थकबाकीची नोटीस काढली. वकिलांनी वारस म्हणून माझी नोंद केली, दुरुस्ती मागितली. उत्तर आलं : करदात्याने स्वतः विनंती करावी.

ते वाचून मी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो, आणि ते फार वाईट हसू होतं.

"वकीलसाहेब, पुन्हा भरून टाकू. संपवा हे."

"कायले? वहिनीनं भरला आहे. तुम्ही पुन्हा भरला तर तिनं बुडवला होता, असं होते. मी तसं होऊ देत नाही."

त्यांनी पुन्हा अर्ज केला. तो नामंजूर झाला. त्यानंतरचाही झाला. मला आता आशा नाही. त्यांनाही नसावी.

परवा एकदम ध्यानात आलं, की माझ्या मोबाईलवर खात्याचे मेसेज येणंच बंद झालंय. आधी सारखे यायचे, वर सुमनचं पूर्ण नाव. प्रकरण मिटलं असेल म्हणून मी लगबगीने कचेरीत गेलो.

"मिटलं का?"

"नाही. कालही नामंजूरच आलं."

"मग मला कसं कळलं नाही?"

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

"खात्याकडं असलेला तुमचा नंबर बदलला मी. माया नंबर टाकला. तुमाले विचारलं नाही, माफ करा. तुमची पोरगी सांगत होती, मेसेज आला का बाबा ताटावरून उठून जाते."

तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर मेसेज वाजला. त्यांनी पाहिलं आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

"जेवले का तुमी?" त्यांनी विचारलं.